शेपटीवाला लाल ठिपका

यासेनूव्का, ४ सप्टेंबर

प्रिय मिर्का,

मामाचा आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितोय, कारण आमचा फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात तुझी फिलोमेनामामी आहे. तिच्या कानावर जाऊ नये असं हे काम आहे. तूही पत्रच लिही, आणि पाकिटावर दुकानाचं नाव घालू नकोस.

ओलोमोउत्समध्ये तुझं दुर्बिणींचं दुकान चांगलं चाललंय असं कळतं. रायफलींवर दुर्बिणी बसवतेस आणि मोठमोठ्या शिकाऱ्यांना चार गोष्टी सुनावतेस म्हणे. रायफल खांद्याला कशी लावायची हे तुला कुणी शिकवलं, ते मी इथे लिहीत नाही.

माझ्या रायफलीवरची दुर्बीण गेली. जागेवर आहे, पण आतून गेली. धुकं भरलंय तिच्यात. गेल्या डिसेंबरात, वर्षाच्या शेवटच्या हाक्यात, मी नेहमीसारखा सात नंबरच्या ठाण्यावर उभा होतो. हाकाऱ्यांनी उठवलेलं हे एवढं रानडुक्कर माझ्यासमोरून गेलं. मी गोळी झाडली, ती बर्चच्या झाडाला लागली. संध्याकाळी खानावळीत रिवाजाप्रमाणे शिकाऱ्यांचं कोर्ट बसलं. फिर्यादी कोण, तर आमच्या मंडळाचा अध्यक्ष शुस्तेक. आरोप काय, तर 'एका निरपराध बर्चच्या खुनाचा प्रयत्न'. मला ओंडक्यावर ओणवं करून पळीचे तीन फटके दिले. सगळे हसले. मीही हसलो, कोर्टात हसावंच लागतं. पण नंतर शुस्तेकने मला बाजूला घेतलं आणि अजिबात न हसता म्हणाला, "वेंडेलीन, पुढच्या वर्षी तू गुलाशच्या कढईवर बस."

मिर्का, चाळीस वर्षं सात नंबर माझा आहे. रस्सा ढवळत कढईवर कोण बसतं? ज्यांचे गुडघे गेले ते, आणि ज्यांना बायकोने बंदूक विकायला लावली ते. मला शुस्तेकचा डाव कळतो. त्याला ते ठाणं त्याच्या जावयाला द्यायचंय. जानेवारीपासून मला मचाणही बटाट्याच्या शेताचं देतोय. समोर टेकडी, खाली बटाटे, दुसरं काही नाही. मी कढईवर बसणार नाही म्हणून सांगितलंय. या वर्षी शेवटच्या हाक्यात नीट नेम लागला तर ठाणं माझं, नाहीतर पळी माझी, असं ठरलंय.

तेव्हा तुझ्याकडे असेल ती सगळ्यात जोरदार दुर्बीण पाठव. चोवीस पट असते म्हणतात. डुकराच्या पापण्या दिसल्या पाहिजेत.

तुझा
वेंडेलीनमामा

ओलोमोउत्स, ९ सप्टेंबर

प्रिय मामा,

पापण्या दिसतील. पण फक्त पापण्याच दिसतील, आणि त्या पापण्या डुकराच्या आहेत की शुस्तेककाकांच्या हे तुला कळणार नाही. चोवीस पट दुर्बीण लांबच्या उघड्या डोंगरावर शांत उभ्या असलेल्या हरणासाठी असते. हाक्यात डुक्कर वीस-तीस पावलांवरून धावत जातं. त्याला चोवीस पट मोठं केलंस तर दुर्बिणीत नुसते केस दिसतात. केसांवर नेम धरशील तोवर डुक्कर पुढच्या गावात पोचलेलं असेल.

तुला हवी एक ते सहा पट. चाक एकवर ठेवलंस की सगळं उघड्या डोळ्याला दिसतं तेवढंच दिसतं, वर मधोमध एक लाल ठिपका. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, म्हणजे डुकराच्या अवतीभोवती काय आहे, मागे कोण आहे, तेही नजरेत राहतं. लांब मचाणावरून बघायचं असेल तेव्हा सहावर ने. वजनाला हलकी, पुढची काच लहान, रायफलीवर खाली बसते, मान उंच करावी लागत नाही.

पाठवते. पण एक अट आहे. स्वतः बसवू नकोस. रायफल घेऊन इकडे ये, मी बसवून देते.

आणि मला सांग, तो बर्च तुझ्यापासून किती लांब आहे? त्याच्यामागे काय आहे?

मामीला माझा नमस्कार सांगता येणार नाही, म्हणून सांगू नकोस.

मिर्का

यासेनूव्का, २१ सप्टेंबर

प्रिय मिर्का,

तुझी दुर्बीण मिळाली. दोन दिवस तिच्यातून बघतोय. एकवर ठेवली की काहीच होत नाही. म्हणजे गोठा गोठ्याएवढा, बदक बदकाएवढं. मी डुक्कर जवळ आणणारी वस्तू मागितली, तू डुक्कर आहे तिथेच ठेवणारी पाठवलीस. हे काम तर मी बिनदुर्बिणीचाही करतो.

तरी पाठवलीस म्हणून बसवली. हो, मीच बसवली. रायफल घेऊन ओलोमोउत्सला निघालो असतो तर मामीने विचारलं असतं कुठे, आणि तुला ठाऊक आहे मला खोटं बोलता येत नाही, निदान तिच्याशी. गोठ्यात बसून दुर्बीण धरणाऱ्या कड्या आवळल्या. स्क्रू फार बारीक, म्हणून पान्याला पाइपाचा तुकडा लावून आवळल्या. आता भूकंप झाला तरी हलणार नाही. मग रायफलीचा बोल्ट काढून टेबलावर ठेवला, नळीतून आरपार बघितलं, आणि नळीतून जे दिसतं त्यावर आतला ठिपका आणून ठेवला. समोर शुस्तेकचं धुराडं येतं, ते सोयीचं पडलं. तेवढ्यात मामी आली. रायफल शुस्तेकच्या घराकडे रोखून मी काय करतोय असं तिने विचारलं. मी म्हणालो, धुराड्याला तडा गेलाय का बघतोय. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि गेली.

बर्च साठ पावलांवर आहे. मागे काय असणार? जंगल. चार पावलं बाजूला बीचचं एक झुडूप आहे. थंडीतही वाळकी पानं न टाकणारं, तपकिरी. तीन वर्षांपूर्वी नव्हतं, आता माणसाएवढं झालंय. जंगलाचा तो भाग आम्ही वर्षातून एकदाच, शेवटच्या हाक्यालाच हाकतो, तेव्हा रोजचं काही मी सांगू शकत नाही. पण झाडाझुडपांचं तुला काय करायचंय? तू दुर्बिणीचं बघ.

वेंडेलीनमामा

ओलोमोउत्स, २५ सप्टेंबर

मामा,

पाइपाचा तुकडा हे वाचून माझ्या हातातला चहा सांडला. कड्या सोड. सगळ्या. नव्याने बसवायच्या, आणि मी सांगते तशा.

आधी डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल लाकडावर नेहमीसारखा टेकव. मग डोळे उघड. दुर्बिणीत गोल, पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. दिसेपर्यंत दुर्बीण पुढे-मागे सरकव. हे सहा पटीवर ठेवून कर, कारण तिथे डोळ्याला जागा सगळ्यात कमी असते. डोळा आणि मागची काच यांत एक मूठ अंतर पाहिजे. मूठ, मामा, बोट नाही. नाहीतर धक्क्याबरोबर दुर्बीण भुवईत घुसते.

दाराला दोरीने एखादा दगड लटकव. आतली उभी रेघ त्या दोरीवर येईल अशी दुर्बीण फिरव. मग स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे, दोन बोटांत मावेल तेवढ्याच जोराने आवळ.

आणि शेवटचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. पांढऱ्या भिंतीकडे बघ, आणि डोळ्याकडचं चाक हळूहळू फिरव, आतल्या रेघा काळ्या आणि धारदार दिसेपर्यंत. दुर्बीण तुझ्या डोळ्याला जुळवून घ्यायची ती तिथे. चाक कुठल्या आकड्यावर थांबलं ते मला कळव.

झुडपाबद्दल वाचलं. दोनदा वाचलं.

मिर्का

यासेनूव्का, ६ ऑक्टोबर

प्रिय मिर्का,

मूठ अंतर ठेवलं होतं. कदाचित मूठ तेव्हा थोडी जास्तच आवळलेली असेल. नेमबाजीच्या मैदानावर पहिल्याच गोळीला दुर्बिणीने उजव्या भुवईवर चंद्रकोर काढून दिली. मामीला सांगितलं शेळीने शिंग मारलं. मामी म्हणाली, "आपली शेळी गेल्या वसंतात विकली." मी म्हणालो, शेजाऱ्याची. खानावळीत मात्र शेळी चालली नाही. तिथे प्रत्येकाने अशी चंद्रकोर कधी ना कधी मिरवली आहे. शुस्तेकने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, म्हणाला, "गोळी कुठे गेली ते नंतर बघू, दुर्बीण कुठे गेली ते दिसतंय." त्याचा जावई तर हसून हसून बाकावरून पडला. पडू दे.

आता मुद्द्याचं. तुझी दुर्बीण बिघडलेली आहे. लाल ठिपका गोल नाही. त्याला शेपटी आहे, खाली उजवीकडे जाणारी, आणि शेजारी एक फिकट पिल्लू. उजेड कमी केला तर दिसतच नाही, म्हणून मी अकरावर ठेवतो, सगळ्यात वरच्या आकड्यावर. तेव्हा शेपटी अजून वाढते. तू म्हणालीस ते चाक पांढऱ्या भिंतीवर अर्धा तास फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. रेघा कुठेच धारदार होत नाहीत. ज्यांनी ही बनवली त्यांना दुर्बीण म्हणजे काय ते माहीत नाही. सोबत परत पाठवतोय. दुरुस्त कर, नाहीतर दुसरी दे. शेवटचा हाका एकोणतीस डिसेंबरला आहे.

भुवई भरत आलीय.

वेंडेलीनमामा

ओलोमोउत्स, १२ ऑक्टोबर

प्रिय मामा,

दुर्बीण मी पाहिली. मग माझ्या मदतनीस बाईंनी पाहिली, पोस्टमनने पाहिली, दोन गिऱ्हाइकांनी पाहिली, आणि समोरच्या बेकरीवालीने हातात पेअरचा फर्गाल केक घेऊन पाहिली. सहाही जणांना ठिपका गोल दिसला. उजेड तीनवर होता.

आता एक कर. संध्याकाळी चर्चसमोर उभा राहा. घड्याळाकडे आधी फक्त डाव्या डोळ्याने बघ, मग फक्त उजव्या डोळ्याने. काय दिसतं ते जसंच्या तसं मला लिही. रस्त्यावरच्या दिव्याला शेपटी आहे का तेही बघ.

मिर्का

यासेनूव्का, १७ ऑक्टोबर

मिर्का,

मी दुर्बीण दुरुस्त करायला पाठवली होती, स्वतःला नाही. दुर्बीणवाली भाची हवी होती, डॉक्टरीण मिळाली. चर्चचं घड्याळ ठीक आहे. दिवे गावाने बसवलेत, ते कसे दिसावेत हे गावाने बघावं.

मंडळाच्या कागदावर डॉक्टरची सही लागते. डॉक्टर म्हणाला नाही, तर रायफल गेली. रायफल गेली की शुस्तेकच्या पळीचीही गरज नाही, मी आपला घरी बसून बदकं मोजतो. तू शहाणी आहेस, तुला एवढं कळायला हवं होतं. दुर्बीण ठेवून घे.

वेंडेलीन हराबित्सा

ओलोमोउत्स, २० ऑक्टोबर

प्रिय मामा,

पूर्ण नाव घालून सही केलीस, म्हणजे फार रागावलायस. राहा. पण बिघाड सापडला, तो सांगते.

तुझ्या दुर्बिणीत एकंदर आठ काचा आहेत. आठही मी तपासल्या, आठही स्वच्छ. नववी काच मात्र ढगाळ झालीय. पिवळी पडलीय आणि तिच्यातून जाणारा उजेड फाटतो, म्हणून ठिपक्याला शेपटी येते आणि शेजारी पिल्लू दिसतं. ती काच जुन्या दुर्बिणीतही होती, तिथे तू तिला धुकं म्हणत होतास. ती सगळ्यात मागची काच आहे. माझ्याकडून गेलेली नाही. ती तू स्वतःबरोबर आणलीयस, बहात्तर वर्षांपूर्वी.

ती काच मी बदलू शकत नाही. इथल्या नेत्रचिकित्सालयात बदलतात. वीस मिनिटांचं काम आहे, दुखत नाही, त्याच दिवशी घरी. आणि डॉक्टरच्या सहीची गोष्ट उलटी आहे. काच बदललेल्या माणसाला सही मिळते, न बदललेल्याला मिळत नाही. मी विचारलं. सात आठवडे थांबल्यावर रायफलीचा धक्काही चालेल असंही विचारलं. दिवस मोजले, शेवटच्या हाक्याला सात आठवडे आणि पाच दिवस होतात.

पाच नोव्हेंबर, सकाळी आठ. मामीला सांग दुर्बीण दुरुस्तीला जातोय. ते खोटं ठरणार नाही.

मामा, मला तुझी काळजी वाटते. आणि फक्त तुझीच नाही. हे वाक्य नीट वाच, डाव्या डोळ्याने वाच, पण वाच.

मिर्का

यासेनूव्का, ११ नोव्हेंबर

लाडक्या मिर्का,

तुझ्या घरी जेवून निघालो आणि बसमध्येच पट्टीच्या कडेतून बघत होतो. हे डॉक्टरांना सांगू नकोस. परवा पट्टी निघाली.

आता जे लिहितो त्यावर हसू नकोस. आकाश निळं आहे. मी समजत होतो हल्ली कारखान्यांच्या धुरामुळे ते पिवळट झालंय, आणि त्याबद्दल मी खानावळीत दोन-तीनदा भाषणही केलं होतं. आमच्या स्वयंपाकघराची भिंत मी तीन वर्षांपूर्वी 'मलई' रंग मागून रंगवली होती. ती झळझळीत पिवळी आहे, अंड्याच्या बलकासारखी. मामीला विचारलं, "हे तू तीन वर्षं कसं सहन केलंस?" ती म्हणाली, "तुला दिसत नव्हतं हे मला दिसत होतं. भिंत परवडली, तू परवडला नसतास." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, मिर्का. पाकिटांवर दुकानाचं नाव नव्हतं, तरी अक्षर तर तुझंच होतं ना, असं म्हणाली. आपण दोघं मूर्ख.

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. बरीच म्हातारी झालीय. मी ते बोललो नाही, पण बराच वेळ बघत बसलो, आणि तिने मला पळीने हाकललं.

दुर्बीण पाठव.

मामा

ओलोमोउत्स, १५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

पाठवली. पहिल्यापासून सगळं नव्याने करायचं, कारण नववी काच बदलली की आधीचं जुळवणं फुकट. मूठ अंतर. दोरी. दोन बोटांचा जोर. पांढरी भिंत (आता पिवळीवर करू नकोस), चाकाचा आकडा मला कळव. मग डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आधी नाही, पन्नास पावलांवर तीन गोळ्या.

आणि ठाण्यावर चाक एकवर. दोन्ही डोळे उघडे. सहावर नेण्याचा मोह झाला तर मला आठव.

मिर्का

यासेनूव्का, २ डिसेंबर

मिर्का,

चाक शून्यावरून अर्धी रेघ डावीकडे. रेघा काळ्या, धारदार. ठिपका गोल, तीनवरही दिसतो, जणू पेन्सिलच्या टोकाने काढला. शेपटी नाही, पिल्लू नाही. जुन्या शेपटीची थोडी आठवण येते.

मामा

यासेनूव्का, ३० डिसेंबर

प्रिय मिर्का,

काल शेवटचा हाका झाला. आज बसता येत नाही, म्हणून हे उभ्यानेच लिहितोय. कारण पुढे येईल.

सकाळी खानावळीसमोर शुस्तेक नेहमीप्रमाणे ठाण्यांची यादी वाचत होता. कोण कुठे, कुणी कुठल्या बाजूला गोळी झाडायची, कुठल्या बाजूला नाही. आम्ही जुनी मंडळी तेव्हा मागे उभं राहून आलुबुखाराच्या दारूची बाटली फिरवत असतो. चाळीस वर्षं तीच ठाणी, ऐकायचं काय? काल बाटली माझ्याकडे आली तेव्हाच सात नंबर वाचला गेला, म्हणजे मी तोही ऐकला नाही. हे मी तुला मुद्दाम लिहितोय.

सात नंबरवर उभा राहिलो. धुकं नव्हतं. चाक एकवर, दोन्ही डोळे उघडे. दुर्बिणीतून बर्च पाहिला, त्याच्या सालीवरची माझी गोळी पाहिली, छातीच्या उंचीवर, काळी खळगी. मग बीचचं ते वाळकं झुडूप शोधलं. ते बाजूला नव्हतं. या वर्षी ते बर्चच्या मागे होतं. मला वाटलं, झुडूप सरकलं कसं? आणि मिर्का, त्या झुडपाने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

तो शुस्तेक होता. डोक्यावर नियमाची केशरी पट्टीची टोपी. नव्या काचेतून ती इतकी केशरी होती की डोळ्यात खुपत होती. आठ नंबरचं ठाणं खाली ओढ्याकाठी असायचं. जंगलखात्याने तिथून रस्ता काढला म्हणून तीन वर्षांपूर्वी ते बर्चजवळ आणलं. यादीत दर वर्षी वाचलं जातं. तीन वर्षं तो तिथे उभा असतो, आणि तीन वर्षं मी त्याला झुडूप समजतोय.

आणि नेमकं तेव्हाच डुक्कर आलं.

मोठं होतं. पंचवीस पावलांवर, आडवं, सावकाश, जणू बाजाराला निघालंय. ठिपका खांद्यामागे बसला, गोल, न हलणारा. असा नेम मला दहा वर्षांत लागला नव्हता. पण चाक एकवर होतं, मिर्का. डुकराच्या खांद्यामागे बर्चही दिसत होता आणि बर्चच्या मागून केशरी टोपीही. तुझ्याकडून चोवीस पट घेतली असती तर मला फक्त खांदा दिसला असता, आणि मी चाप ओढला असता. मी रायफल खाली घेतली. डुक्कर माझ्याकडे वळून बघत गेलं. ते शुस्तेककडे न जाता खाली ओढ्याकडे गेलं, आणि तिथे त्याला शुस्तेकच्या जावयाने मारलं. असो.

संध्याकाळी कोर्ट. फिर्यादी शुस्तेक. आरोप, 'पंचवीस पावलांवरच्या डुकराशी संगनमत करून त्याला सोडून देणे'. साक्षीदार हाकारे. न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपीला काही म्हणायचंय?" सगळे वाट बघत होते, कारण दर वर्षी मी भांडतो. मी शुस्तेककडे पाहिलं. म्हणालो, "काही नाही. गुन्हा कबूल." मग पाच फटके. शुस्तेकनेच मारले, आणि त्याने हात राखला नाही.

नंतर मी त्याला बाहेर गाठलं. तो कढईखालची लाकडं विझवत होता. मी विचारलं, "मागच्या वर्षी तू कुठे होतास?"

"शेजारी," तो म्हणाला. "चार पावलं. कानाजवळून वारा गेला."

"आणि बोलला नाहीस."

"बोललो की. कढईवर बस म्हणालो. तू ऐकलं नाहीस."

"ते नाही. खरं का नाही बोललास?"

त्याने लाकूड उलटंपालटं केलं. "खरं बोललो असतो तर रायफल गेली असती तुझी. आणि रायफल गेल्यावर तू किती दिवस टिकला असतास? म्हणून बर्चची फिर्याद केली. म्हटलं, हसण्यावारी जाईल आणि तुझ्याही डोक्यात शिरेल. अर्धंच झालं. मग जानेवारीत मिर्काला फोन केला. ती म्हणाली, मामाला आपण सांगितलं तर ऐकणार नाही, त्यालाच दुर्बीण मागू दे."

म्हणजे तू जानेवारीपासून माझ्या पत्राची वाट बघत होतीस. आठ महिने.

मी म्हणालो, "आणि वर्षभर बटाट्याचं मचाण?"

"समोर टेकडी आहे," शुस्तेक म्हणाला. "टेकडीला गोळी लागली तर टेकडी मरत नाही."

मिर्का, मी तिथे रडलो. थोडासाच, धुराचं निमित्त करून. ज्या माणसाला मी वर्षभर शिव्या दिल्या, त्याने वर्षभर माझी बंदूक सांभाळली आणि मीच त्याच्या धुराड्यावर नेम लावून दुर्बीण जुळवली. मी त्याला विचारलं, "मग आज पुन्हा त्याच जागी का उभा राहिलास? दुसऱ्या कुणाला ठेवायचं."

"दुसऱ्या कुणाला कसं ठेवणार? मिर्का म्हणाली डोळ्याचं काम झालं. पण खात्री कुणीतरी करायलाच हवी होती."

"आणि बर्चच्या मागे?"

"खात्री होईपर्यंत," तो म्हणाला.

डुक्कर सोडलं तरी सात नंबर माझ्याकडेच राहिला, कारण शुस्तेकची खात्री झाली. पुढच्या वर्षी मी यादी पहिल्या रांगेत उभा राहून ऐकणार आहे, आणि बाटली माझ्याकडे आली तर पुढे देणार आहे, निदान सात वाचून होईपर्यंत.

आता एक काम. काल कोर्टात शुस्तेक आरोपपत्र वाचत होता तेव्हा कागद हात लांब करून धरत होता, आणि 'डुक्कर' हा शब्द दोनदा चुकला. त्याला आपण सांगितलं तर तो ऐकणार नाही. एक ते सहा पटीची अजून एक दुर्बीण बाजूला काढून ठेव, आणि वाट बघ. त्यालाच मागू दे.

तुझा
मामा